काठवस्तीचा अज्ञात वाटा

शंभूने तिसऱ्यांदा ताटली पुढे केली, तशी सुवर्णाकाकूंनी आमटीची पळी त्याच्यावरच उगारली.

“आरं, पोट हाय का कणगी? मागच्यांना ऱ्हाऊ दे की काही!”

“माजं अंडं ऱ्हायलंय,” शंभू म्हणाला. अंडं त्याच्या गालात होतं आणि ते अख्ख्या पंगतीला दिसत होतं. पोरं खिदळली. काकूंनी कपाळावर हात मारला आणि आणखी अर्धं अंडं त्याच्या ताटलीत टाकलंच.

दारात उभ्या असलेल्या मृण्मयीलाही हसू आलं. मग तिने हातातल्या यंत्राच्या पडद्याकडे नजर टाकली आणि ते हसू तिथेच थांबलं. पडद्यावर शंभूचं नाव लाल झालं होतं. रक्तातलं लोह घसरलेलं, प्रथिनं तळाला गेलेली, नाडी भलतीच जलद. शरीर आता आपलेच स्नायू खायला लागलं आहे, असा त्या आकड्यांचा अर्थ होता. त्याखाली आणखी एक ओळ होती: गेला आठवडाभर जेवणाला गैरहजर.

गैरहजर शंभू समोर बसून बोटं चाटत होता.

हे आकडे यायचे पोषणमण्यातून. उजनीच्या फुगवट्याकाठी मासे धरून जगणाऱ्या या भोईवस्तीला सगळे काठवस्ती म्हणत. वस्तीतल्या प्रत्येक लहान पोराच्या करदोड्यात हरभऱ्याएवढा एक काळा मणी ओवलेला होता. तो कमरेच्या कातडीला टेकून राहायचा, कातडीखालच्या ओलाव्यातून लोह, प्रथिनं, साखर, क्षार यांचा ठाव घ्यायचा आणि सगळ्यांचा मिळून एक पोषणांक काढायचा. पूर्वी अन्न-कार्यक्रमांचं यश कसं मोजायचे? किती डाळ शिजली आणि किती ताटं वाढली, यावर. ताटातलं पोटात गेलं का आणि पोटातलं अंगी लागलं का, हे देवालाच ठाऊक. मण्याने तो प्रश्न मिटवला होता. ‘अन्नबीज न्यास’ आता शिजवलेल्या अन्नासाठी नव्हे, तर अंगी लागलेल्या अन्नासाठी अनुदान द्यायचा आणि सुवर्णाकाकूंची चूल त्याच अनुदानावर पेटायची.

न्यासाच्या अशा सगळ्या जेवण-केंद्रांवरच्या मण्यांचे आकडे ‘तोलक’ नावाच्या संगणकाकडे जात. एखादं मूल सुधारलं तर ते कशामुळे, याची तोलक वाटणी करायचा. इतका वाटा अंड्याचा, इतका डाळीचा, इतका उकळलेल्या पाण्याचा. काठवस्तीच्या बाबतीत मात्र ही वाटणी काही केल्या जुळत नव्हती. इथली आजारलेली पोरं खाल्लेल्या अन्नाच्या मानाने फारच लवकर सावरत. शेवटी एक मोठा तुकडा उरायचाच आणि त्याच्यापुढे ‘अज्ञात’ असं लिहून तोलक मोकळा व्हायचा. न्यासाला अज्ञात वाटा कसा चालेल? तो शोधून आण म्हणून त्यांनी मृण्मयी घोडकेला पुण्याहून इथे धाडलं होतं. आल्या दिवसापासून वस्ती तिला मापबाई म्हणत होती, तेही तोंडावर.

तिने बाजूला होऊन न्यासाच्या प्रयोगशाळेतल्या अन्वयला फोन लावला.

“शंभूचा मणी बिघडलाय का रे?”

“छे! आत्ताच दुरून तपासला. मणी ठणठणीत आहे, मूल नाही. दवाखान्यात हलवलंस ना त्याला?”

“मूल माझ्यासमोर अंडं खातंय.”

पलीकडे कळफलकाचे खटके ऐकू आले. मग अन्वय हळूच म्हणाला, “मग तो मणी ज्याच्या कमरेला आहे त्याला शोध, ताई. लवकर शोध. असे आकडे असलेलं पोर फार दिवस तग धरत नाही.”

मृण्मयीने फोन ठेवला. हे रक्त शंभूचं नव्हतंच. कुठेतरी दुसरंच एक पोर झुरत पडलं होतं. त्याचं दुखणं शंभूच्या नावावर जमा होत होतं आणि तोलकच्या लेखी ते पोर रोज इथे बसून दाबून जेवत होतं.

ते पोर कोण, हे पडद्यावर दिसायला मार्ग नव्हता. कुणाच्या लेकराला नावं ठेवली जाऊ नयेत म्हणून फक्त लाल झालेल्याचंच नाव उघडायचं, बाकीचे नुसते हिरवे ठिपके. पंगतीच्या दारात लागणारी हजेरी सोडली, तर मणी कुठे आहे तेही कळत नसे. जवळून जाणाऱ्या होडीवरच्या पेटीला तो आपले आकडे देई आणि पेटी ते किनाऱ्याला पोचवी. आमच्या पोरांवर पाळत नको, ही वस्तीचीच अट होती. अट चांगलीच होती, पण आज नेमकी अंगाशी आली.

ती शंभूपुढे उकिडवी बसली. “शंभू, तुझा मणी दाखव बघू मला.”

शंभूने दोन्ही हातांनी सदरा खाली ओढला. “न्हाई दावायचा. बोललं की गुण उतरतो.”

“कुणाचा गुण?”

“आय मारील मला!” असं म्हणून तो जो पळाला, तो ताटली तिथेच टाकून.

सुवर्णाकाकूंनी हे सगळं पाहिलं होतं. पळी पातेल्यात ठेवून त्यांनी मृण्मयीला धान्याच्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

“कुणीतरी करदोडा बदललाय, मापबाई. आमच्यात पोर खंगाय लागलं की त्याचा न् एखाद्या दांडग्या पोराचा करदोडा बदलत्यात. दांडग्याचा गुण दुबळ्याला लागतो. मग त्या दांडग्याच्या आईनं घरातला पयला घास त्या पोराला न्यायचा, रोज. आन् पोर उठून बसंपतूर दोघींनी चकार शब्द काढायचा न्हाई. कुणी कुणाशी बदलला, त्ये आम्हालाबी कळत न्हाई.”

“आणि मणी?”

“मणी करदोड्यातच की! त्यो कुटं जातोय?”

मृण्मयी पोत्यावर बसली. मणी घामाने खराब होऊ नये, चावला तरी फुटू नये, पोराने गिळला तरी सुखरूप बाहेर पडावा, या सगळ्यावर वर्षानुवर्षं डोकी खपली होती. वस्तीत करदोडे असे कमरा बदलत असतील, हे मात्र एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यात तीही आलीच.

“मापबाई,” काकू म्हणाल्या, “मागं कुठल्याशा केंद्रावर एकाच गुबगुबीत पोराच्या कमरेला गावभरचे मणी बांधलेले घावले. तवापासनं नियम झालाय ना? मणी दुसऱ्या पोरावर सापडला की केंद्र बंद?”

“झालाय.”

“म्हंजे तुमी त्ये पोर हुडकलं, की माजी चूल विझली.” काकूंनी पदराने चेहरा पुसला. चुलीपुढचा घाम होता की आणखी काही, ते त्यांनाच माहीत. “आन् न्हाई हुडकलं तर... जावा बाई, हुडका. चुलीचं बघू मागनं.”

शंभूची आई काजल झोपडीच्या सावलीत बसली होती. पोषणांक लाल झाला की तोलक त्या मुलाच्या घरी खास आहाराच्या पुड्या पाठवायचा. लोक जिला उडती टोपली म्हणत ते छोटं यंत्र रोज सकाळी पुड्या दारात टाकून जाई. आठवडाभर शंभूच्या नावाने पुड्या येत होत्या. आजची पुडी काजलने पाण्यात कालवली होती आणि ती पातळ पेज ती एका डब्यात ओतत होती. मृण्मयीला पाहून तिने झाकण लावलं.

“काजल, ही पेज शंभूसाठी नाही ना?”

काजलने डबा जवळ ओढला.

“ज्याच्यासाठी नेतेस ते पोर फार आजारी आहे गं. पेजेनं भागायचं नाही. त्याला दवाखाना लागेल, आजच्या आज.”

“मला काय इचारू नका, बाई.” काजलने मान हलवली. “म्या तोंड उघडलं आन् त्या लेकराला काय झालं, तर जलमभर कुणाला तोंड दावू मी?”

गुण काही दोऱ्यातून जात नसतो, असं मृण्मयीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण काजलचे हात डब्यावर घट्ट आवळलेले होते आणि ती घाबरलेली होती. तिच्याशी वाद घालणं मृण्मयीच्या जिवावर आलं. ती तिच्याशेजारी खाली मातीत बसली.

“बरं, नको बोलूस. एक अक्षर बोलू नकोस. तुझी घास न्यायची वेळ झालीय ना? तू आपली नीघ. मी मागनं येते. मी विचारणार नाही आणि तू सांगणार नाहीस. मागून आलेलं चालतं का?”

काजलने बराच विचार केला. “मागनं येऊ ने, असं कुणी म्हटल्यालं न्हाई,” ती शेवटी म्हणाली आणि डबा उचलून पाण्याकडे चालू लागली.

उन्हाळ्यामुळे फुगवट्याचं पाणी खूप मागे हटलं होतं. चिखल तुडवत दोघी होडीपाशी गेल्या. काजलने डबा दोन पायांत धरला आणि वल्ही उचलली. ती रागाने मारावीत तशी वल्ही मारत होती. वाटेत दोघी खरंच एक शब्द बोलल्या नाहीत. पाणी उतरलं की मधेच एक लांबट बेट उघडं पडायचं आणि काही कुटुंबं जाळ्यांजवळ राहायला म्हणून तिथे ताडपत्री ठोकायची. होडी त्या बेटाला लागली.

ताडपत्रीखाली एक पोरसवदा बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती. तिचं नाव पायल, आणि मांडीवरचा दोन वर्षांचा सोहम. मापबाईला पाहताच पायलने मूल छातीशी ओढलं आणि काजलकडे अशा नजरेने पाहिलं, की काजलने मानच खाली घातली.

“तिने काही सांगितलं नाही,” मृण्मयी घाईघाईने म्हणाली. “आईशप्पथ! एक शब्द काढला नाही तिने. मीच तिच्या पाठोपाठ आले.”

सोहमचे डोळे अर्धे मिटलेले होते. माशी गालावर बसली तरी तो हात हलवत नव्हता. मृण्मयीने पडदा त्याच्या कमरेजवळ नेला आणि पडद्यावर नाव उमटलं: शंभू. तिने तिथूनच पाण्यावरच्या रुग्णवाहिकेला बोलावणं धाडलं.

रुग्णवाहिका येईपर्यंत काजल आपलं काम करत राहिली. पेजेत बोट बुडवायचं आणि त्याच्या ओठांना लावायचं, एवढंच काम. सोहम तोंड फिरवायचा. मग काजल थांबायची, “माजा राजा गं, माजा वाघ गं,” असं काहीबाही पुटपुटायची आणि पुन्हा बोट पुढे करायची. बऱ्याच वेळाने त्याच्या घशाची हालचाल व्हायची. तेवढ्यानेही दोघी बाया एकमेकींकडे बघून हसायच्या. ते बघताना मृण्मयीला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

रुग्णवाहिकेतला तरुण डॉक्टर भराभर कामाला लागला. पोटावर यंत्र टेकवायचं म्हणून त्याने करदोडा कापायला कात्री काढली, तशी पायल किंचाळली. काजलने डॉक्टरचं मनगट धरलं ते सोडेचना.

“राहू दे हो करदोडा,” मृण्मयी म्हणाली. “वर सरकवा नुसता. तेवढ्याने तुमचं काही अडत नाही.”

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं, मनगटावरच्या त्या हाताकडे पाहिलं आणि कात्री खिशात घातली. सोहमला उचललं तसा त्याच्यामागून पायल रुग्णवाहिकेत चढली आणि पायलमागून काजल, कुणाला न विचारता, चिखलाने भरलेल्या पायांनिशी.

“अगं, शंभू?” मृण्मयीने विचारलं.

“त्येला काकू हायत की. एक रात अंडं न्हाई मिळालं तर मरत न्हाई त्यो.”

सोहमच्या आतड्यांत जंतूंनी ठाण मांडलं होतं. त्यामुळे खाल्लेलं अंगी लागायच्या आतच वाहून जात होतं. “थोडं थोडं पोटात जात राहिलं म्हणून तो टिकला,” दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “एवढ्या चिकाटीने कोण भरवत होतं?” पायलने बोटाने काजलकडे दाखवलं. आता बोलायला हरकत नव्हती, कारण काही दिवसांच्या उपचारांनंतर सोहम उशीला टेकून बसला होता आणि बसल्या बसल्या परिचारिकेचा चष्मा ओढत होता.

अज्ञात वाटा म्हणजे काय, ते मृण्मयीला कळलं होतं. करदोडे बदलले की दर वेळी खास आहाराच्या पुड्या चुकीच्या घरी जात आणि दर वेळी त्या घरची बाई त्या गुपचूप खऱ्या दुबळ्या पोराकडे पोचवत असे. वर आपल्या ताटातला पहिला घास. वर कुणाचं तरी बोट, कंटाळा न करता. दोन आया एका पोराला भरवत होत्या आणि तोलकला त्यातली एकही दिसत नव्हती.

हे लिहायचं की गिळून टाकायचं? गिळणं सोपं होतं. मणी सैल होता, असं म्हटलं असतं तरी खपलं असतं. पण पुढच्या खेपेला दुसऱ्या कुठल्या काजलला इतकी ऐपत किंवा इतकी माया नसली, तर पुड्या चुकीच्या घरीच राहतील आणि ते पोर हिरवा ठिपका बनून मरेल. मृण्मयीने सगळं खरं लिहिलं आणि पाठवण्याआधी सुवर्णाकाकूंना वाचून दाखवलं.

“पाठवा,” काकू म्हणाल्या आणि पाठ फिरवून डाळ निवडू लागल्या. त्यानंतर दोन दिवस त्यांनी तिला बिनसाखरेचा चहा दिला.

उत्तर आलं ते न्यासाच्या संचालकांचं, थेट पडद्यावर. मृण्मयी मनातून तयारी करूनच बसली होती. पण साहेब तर आनंदाने खुर्चीत मावत नव्हते.

“कमाल केलीस! केंद्र बंद कसलं करतेस? तोलकला तुझा अहवाल वाचायला दिला आणि अज्ञात वाटा साफ भरून निघाला. जोडीचा परिणाम अंड्यापेक्षा मोठा आहे, माहितीये? आता आपण हे सगळीकडे नेणार. प्रत्येक दुबळ्या मुलाला एक जोडीदार घर! तोलकच निवडेल. कोणाचं घर जवळ आहे, कोणाकडे दूधदुभतं आहे, कोणत्या बाईला दुपारी सवड असते, सगळं त्याला ठाऊक असतं. मण्याचे आकडे पाहून त्या घरी निरोप गेला की झालं. कुणाला कुणाकडे जायची गरजच नाही.”

काकूंनी ती बातमी ऐकून दोन्ही हात जोडले आणि कुणाला तरी गूळ आणायला पिटाळलं. चूल राहिली होती. मृण्मयीलाही आनंद झाला, खरंच झाला. तरी चहा पिताना काहीतरी टोचत राहिलं. काय, ते तिला नीट सांगता आलं नसतं. ती उठून पाण्याकडे गेली.

काजल काठावर चिलापी साफ करत होती. पलीकडे सोहमने शंभूचे केस मुठीत धरले होते आणि शंभू मोठ्या माणसाच्या समजूतदारपणाने बोंबलत होता. मृण्मयीने सगळी योजना काजलला सांगितली. काजलने माशाचे खवले काढता काढता ऐकून घेतलं.

“म्हंजे मशीन सांगणार, तू हिच्या पोराला घास ने?”

“हो.”

“आन् दुबळ्या पोराच्या आईला कुणाच्या दारात जावंच लागणार न्हाई?”

“नाही. निरोप आपोआप जाईल.”

काजलने कोयता खाली ठेवला. “ताई,” ती म्हणाली. आजवर ती मापबाईच म्हणत आली होती. “माजं न् पायलचं वरीसभर बोलणं नव्हतं. जाळ्यावरनं भांडान झालतं. लई वंगाळ बोललो होतो एकमेकींस्नी. करदोडा बदलला त्या दिवशी ती पोराला घिऊन आली आन् माज्या दारात नुसती बसून ऱ्हायली. काय बोलली न्हाई, रडलीबी न्हाई. एवढी ताठ बाई, पर माज्या दारात मातीत बसली. त्ये बघितलं आन् माजं समदं भांडान गळून पडलं. त्यानंतर माजं काळीज जाग्यावर नव्हतं बगा. रोज पहाटं, जाळी काढायच्या आदी, होडी घिऊन जायची मी. घास नगं, पेज नगं, काय बी नगं. नुसतं बघायला, की लेकराची छाती हालतीय का. हालताना दिसली की मागारी.”

 तोलकला मृण्मयीने जे लिहून पाठवलं होतं, त्यात हे नव्हतं. ते तिला आत्ता कळत होतं.

पाण्यावरून उडती टोपली घरघरत गेली. आता तिच्यातल्या पुड्या योग्य घरी जाणार होत्या. काजलने मान वर करून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

“मशीननं जोडी लावून दिली तर घास न्हील बाई, न्हील. कुणीबी न्हील,” ती म्हणाली. “पर ज्या बाईच्या दारात कुणी येऊन बसलंच न्हाई, ती पहाटं उठून छाती हालतीय का बघाय जाईल का वो?”